फिरंगी पुढच्या बाजूने उतरला

इनास, तुझ्या मातीला मी आलो होतो. तुमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शेवटच्या बाकामागे उभा राहिलो, सिमेंटरीत भिंतीच्या कडेने थांबलो आणि सगळ्यांसारखी मूठभर माती टाकून परत आलो. तुझ्याशी मात्र बोललो नाही. आपलं बोलणं बंद होतं. ते आधी कोणी सुरू करायचं यावर आपण दोघे जवळजवळ वर्षभर अडून बसलो होतो आणि तू मधूनच उठून गेलास. याला निकाल म्हणत नाहीत. माझ्या दुकानातून रागाने उठलेलं गिऱ्हाईकसुद्धा पायरीवरून एकदा मागे वळून बघतं. तू तेही केलं नाहीस.

म्हणून हे लिहितो आहे. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझ्या मागे कोण कोण आहे, हे सगळं शोकसभेच्या फलकावर लिहून झालं. मला बोलायचं आहे ते आपल्या देखाव्याबद्दल.

तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आपल्या गावात दर उन्हाळ्यात शाळेमागच्या मैदानात वसईच्या किल्ल्याचा देखावा होतो. मराठ्यांनी फिरंग्यांकडून, म्हणजे पोर्तुगिजांकडून, किल्ला कसा घेतला त्याचा. फळ्यांचा मंच, थर्माकोलचा बुरूज, इकडची पोरं, तिकडची पोरं, थोडे फटाके. मी मराठ्यांचा सरदार आणि तू फिरंगी कप्तान. लढाई झाली की कप्तान मला तलवार द्यायचा, मान खाली घालायचा आणि मंचाच्या मागच्या शिडीने उतरायचा. मागे समुद्र आहे, समुद्रात जहाज आहे, असं सगळ्यांनी समजायचं. फिरंगी गेला की मी पुढे येऊन शेवटचं भाषण करायचं. इतकाच देखावा. पण त्यासाठी आपण आयुष्यातली किती भांडणं खर्च केली.

पहिल्या वर्षी फिरंगी व्हायला कोणी तयार होईना. आमच्या पोरांपैकी एकालाही हरायचं नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, इनास आहे की, तो किरिस्ताव आहे. सगळ्यांना ते एकदम पटलं. ज्याचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ज्याचे वाडवडील आमच्याच बांधाला बांध लावून भात करत आले, तो फिरंगी. यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही. मला वाटतं, तुझ्याही नाही.

मी तुझ्या अंगणात आलो तेव्हा तू नुकताच ड्युटीवरून आला होतास. बस कंडक्टरची खाकी पँट आणि वर बनियन.

‘फिरंगी पाहिजे,’ मी म्हणालो.

‘मग पोर्तुगालला पत्र टाक.’

‘तुझ्यासारखा आवाज कोणाचा नाही. आपल्याकडे माईकची पंचाईत आहे.’

‘म्हणजे आवाजासाठी आलास?’

‘आवाजासाठी आणि मिशीसाठी.’

तू चहा मागवलास. चहा मागवला म्हणजे माणूस सौद्याला बसला, हे मला कळतं. तुझं म्हणणं, गुडघे टेकणार नाही. माझं म्हणणं, गुडघे टेकल्याशिवाय हरलास हे लोकांना कळणार कसं. तू म्हणालास, मान खाली घालतो, तेवढ्यात भागव. मी म्हणालो, मान आणि तलवार. तू म्हणालास, तलवार देईन, पण म्यानात घालून देईन. चहा संपेपर्यंत ठरलं. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले. समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त मिळालं आणि तरी मला राग आला नाही, असा तो एकच.

रागाचं म्हणशील तर तो माझ्या नाकावरच असतो. तुळिंजला हातगाडीवर केळी आणि भाजी विकत होतो तेव्हापासून. पहाटेच्या बसला माझ्या टोपल्या बघून बाकीचे कंडक्टर दार ओढून घ्यायचे. तू घ्यायचा नाहीस. ‘या टोपल्या नाहीत, हे माझे पाहुणे आहेत,’ असं उतारूंना सांगायचास आणि वर मलाच ओरडायचास, ‘जना, पाहुण्यांना आत घे, दारात उभे करू नकोस.’ आज एव्हरशाईन सिटीत माझं फरशांचं दुकान आहे. लोक म्हणतात मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. मीही तेच म्हणतो. पण तुझ्या बसचं दार उघडं होतं, हे कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, इतकंच. आता सांगतो.

मंचावरही तुझ्यातला कंडक्टर जायचा नाही. एका वर्षी तलवार देऊन झाली, मान खाली घालून झाली, आणि तुझे फिरंगी शिपाई शिडीपाशी गर्दी करून उभे राहिले. कोणी उतरेना. तू भर मंचावर म्हणालास, ‘पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे.’ मैदान हसून लोळलं. मी सरदाराच्या पगडीत दात आवळून उभा. पण नंतर मीच तुला म्हणालो, हे वाक्य ठेव. तू म्हणालास, ‘ठेवायचं म्हणून ठेवलं की त्यातली मजा जाते.’

मग तू ते पुस्तक वाचलंस. निवृत्त झाल्यावर तू फार वाचायला लागलास, आणि वाचलेलं सगळं मला ऐकवायला लागलास. एका संध्याकाळी दुकानात येऊन बसलास आणि म्हणालास, ‘जना, आपण चुकीचं दाखवतोय. फिरंगी असे मान खाली घालून गेले नाहीत. तह झाला होता. अटी ठरल्या होत्या. ते आपल्या निशाणासकट, ढोल वाजवत बाहेर पडले.’

मला ते ऐकून आनंद झाला, हे खरं सांगतो. हरलेला माणूस ढोल वाजवत बाहेर पडतो, असा सौदा ज्याने जमवला त्याच्याकडे मी शिकवणी लावली असती. पण देखाव्यात ते घालायला मी नाही म्हणालो. लोकांना निकाल पाहिजे असतो, अटी नको असतात. माणूस बायकापोरांना घेऊन मैदानात येतो, सतरंजीवर बसतो, तो किल्ला मिळालेला बघायला येतो. त्याला कलमं वाचून दाखवली तर तो उठून कुल्फी आणायला जाईल.

‘मग दुसरं कलम ऐक,’ तू म्हणालास. ‘ज्यांना जायचं नव्हतं त्यांना राहायची मुभा होती. आपला धर्म पाळून. ते कोण होते?’

‘कोण होते?’

‘आमचेच. जहाजात बसले ते फिरंगी. माझा पूर्वज कुठे जहाजात बसला? तो तुझ्या पूर्वजाच्या बांधापलीकडे भात लावत होता. आणि मी दर वर्षी त्या शिडीने खाली उतरतो. मागे अंधारात जाऊन उभा राहतो. जना, मी कुठे चाललोय?’

‘मांडवात चाललायस. तिथे तुझ्यासाठी चहा ठेवलेला असतो.’

तू हसलास. पण विषय सोडला नाहीस. त्यानंतर दर वर्षी तालमीला तेच. मला एकदा राहिलेल्या माणसाचं काम दे. फिरंगी दुसरा कोणी होऊ दे. मी तुला एकदा चिडून सांगितलं, ‘राहिलेल्यांना संवाद नसतो. ते फक्त राहतात. मी त्याच्या तोंडी काय घालू?’ तू म्हणालास, ‘तू नको घालूस. त्याला विचार.’ मी म्हणालो, आधी मला दुसरा फिरंगी आणून दे, मग बघू. तो कोणी मिळणार नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मला ते सोयीचं होतं.

गेल्या वर्षीचं आता बोलतो.

लढाई झाली. फटाके नेहमीपेक्षा चांगले उडाले. तू तलवार दिलीस, म्यानात घालून, ठरल्याप्रमाणे. मान खाली घातलीस. मी तलवार उंच केली आणि तू मागे वळायची वाट बघत थांबलो. तू वळला नाहीस. तू माझ्या शेजारून पुढे आलास, मंचाच्या पुढच्या पायऱ्या उतरलास, टोपी काढून काखेत धरलीस आणि सतरंजीवरच्या पहिल्या रांगेत तुझ्या बायकोशेजारी, फिलोमिनाशेजारी, जाऊन बसलास. बूट, पिसांची टोपी, रंगवलेला लाल कोट, सगळ्यासकट. आणि माझ्याकडे वर बघायला लागलास, बाकीचे बघत होते तसा.

मैदानात आधी कुठून तरी हसणं, मग टाळ्या. पाहुणे शेजारच्याला विचारायला लागले, हे असंच असतं का. माझं भाषण सुरू होतं ‘पाहा, तो शत्रू निघून चालला’ या वाक्याने. शत्रू समोर मांडी घालून बसला होता. मी ते वाक्य बोललो. दुसरं काही सुचलं नाही. मग मैदान जे हसलं ते मला अजून ऐकू येतं.

मांडवात मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तू फक्त म्हणालास, ‘जना, उद्या बोलू.’ मी म्हणालो, उद्या नाही नि परवा नाही.

माझी तक्रार तेव्हा होती तीच आज आहे. तुला पुढच्या बाजूने उतरायचं होतं तर उतरायचंस. पण मला आधी सांगायचंस. आपण गुडघ्यांवर सौदा केला, तलवारीवर केला, म्यानावर केला. यावरही केला असता. मी ओरडलो असतो, नाही म्हणालो असतो, तू चहा मागवला असतास, आणि शेवटी काहीतरी ठरलं असतं. तू मला ती संधी दिली नाहीस. चारचौघांत तोंडावर पाडलंस. समोरासमोर सौदा करणाऱ्या माणसाला याहून मोठा अपमान नसतो, आणि हे तुला माहीत होतं.

बायकांनी आपलं भांडण मानलं नाही. दिवाळीला फराळाचं ताट तुमच्याकडे गेलं, नाताळला केकचं ताट आमच्याकडे आलं. मी केक खाल्ला. चांगला होता.

मग बागेत पाणी सोडता सोडता तू कोसळलास, आणि झालं.

शोकसभा आपल्या देखाव्याच्या मंडळाने शाळेच्या सभागृहात ठेवली. तिथे मला कळलं की वर्ष सरायच्या आत त्या संध्याकाळचा इतिहास झाला आहे, आणि ज्याला जसा लागेल तसा तो कापून मिळतो. एक पुढारी म्हणाले, इनासभाऊ त्या दिवशी मंचावरून उतरले ते या मातीला वंदन करायला. मी शपथेवर सांगतो, तू वंदनबिंदन काही केलं नाहीस. देवळाच्या युवा मंडळाचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, अंकलनी त्या दिवशी शांतपणे निषेध नोंदवला. आमच्यातलेच एक गृहस्थ चहाच्या वेळी हळूच म्हणाले की त्या दिवशी इनासने थोडी घेतली होती, मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण घेतली होती. तू घेतली नव्हतीस. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मी त्या गृहस्थांना त्यांच्या चहासकट सभागृहाबाहेर काढलं.

घरी येताना मात्र मी विचारात पडलो. आम्ही सगळे तिथे होतो. डोळ्यांनी बघितलं. तरी एका माणसाच्या चार पायऱ्या उतरण्याचे इतके अर्थ. मग त्या किल्ल्याच्या दरवाजातून इतक्या पिढ्यांपूर्वी कोण कसा बाहेर पडला, हे मी इतकी वर्षं कोणत्या जोरावर ओरडून सांगत होतो? आणि माझा अर्थ तरी कुठून आला? तू माझा अपमान केलास, हा माझा अर्थ. तोही मी त्याच संध्याकाळी, मला हवा तसा कापून घेतला होता.

म्हणून मी फिलोमिनाकडे गेलो. ती ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मी सरळ विचारलं, ‘तो पुढच्या बाजूने का उतरला?’

‘त्यासाठी आलात होय?’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, मला भेटायला आलात.’

‘तुला भेटायलाही आलो.’

‘बसा मग.’ कळ्या निवडत तिने सांगितलं, ‘मागच्या शिडीची एक पायरी हलत होती म्हणे. त्यांचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. वर चढताना पाय लटपटला होता.’

‘मग मला सांगितलं का नाही?’

‘जनाभाऊ, देखाव्याच्या दिवशी तुम्ही कोणाचं ऐकता?’

मी म्हणालो, म्हणजे नुसती पायरी? बाकी काही नाही? तह, राहिलेले लोक, त्याचे पूर्वज, काही नाही?

तिने एक उमललेली कळी बाजूला टाकली. मग म्हणाली, ‘ते डोक्यात असणारच. डोक्यात सगळंच असतं. पण गुडघेही दुखत होते.’

‘खाली येऊन बसला तेव्हा तुला काही म्हणाला?’

‘म्हणाले ना. म्हणाले, सरक जरा.’

‘आणि?’

‘आणि मी सरकले.’

इनास, राहिलेल्या माणसाच्या तोंडी काय घालू म्हणून मी वर्षानुवर्षं तुझ्याशी हुज्जत घातली. त्याचा संवाद एवढासा होता. तोही तू मला सोडून बायकोला ऐकवलास.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या गोदामात जाऊन शिडी बघितली. एक पायरी नवी आहे. बाकीच्यांवर जुना रंग, हिच्यावर नाही. कोणी बदलली म्हणून विचारलं तर सुताराचं नाव कळलं. कधी बदलली, देखाव्याच्या आधी की नंतर, ते सुतारालाही आठवत नाही. मी त्याच्यावर ओरडलो. त्याने काही आठवून दाखवलं नाही. म्हणजे आता ते कधीच कळणार नाही, आणि मला ते न कळताच राहायचं आहे. तुझ्यावर पुरता रागावूही शकत नाही, पुरता सोडूनही देऊ शकत नाही.

काल या वर्षीच्या देखाव्याची बैठक झाली. नवी मुलं आली आहेत, एव्हरशाईनची, उत्साही. त्यांच्यातला स्वप्नील बोलायला उभा राहिला.

‘काका, एंडिंग एकदम वीक आहे. फिरंगी नुसता चालत जातो. पब्लिकला काय मिळालं?’

‘किल्ला मिळाला.’

‘तसं नाही हो. यावेळी त्याला दोरीने बांधून ओढत नेऊ. पब्लिकमधून. रील पण मस्त बनेल.’

दोन-चार माना हलल्या. मी विचारलं, ‘ओढत कोणाला नेणार? फिरंगी कोण होतंय?’

एकजण म्हणाला, देवळाच्या पोरांना विचारू. दुसरा म्हणाला, या वर्षी त्यांना विचारणं बरं दिसणार नाही. दोरीसाठी तर नाहीच नाही. मी स्वप्नीलला म्हणालो, मग तू हो. तो म्हणाला, ‘मी? काका, मी तर सरदारासाठी विचारणार होतो. म्हणजे तुम्ही थकला असाल तर.’

त्याला काय पाहिजे ते त्याने आधीच सांगून टाकलं. सौद्याला बसणाऱ्याने हे कधी करू नये. तू शेजारी असतास तर तुला टेबलाखालून पाय लावला असता.

मी म्हणालो, सरदार घे. पगडी, तलवार, शेवटचं भाषण, सगळं घे. फिरंगी मी होतो. दोरी नाही. गुडघे नाहीत. तलवार म्यानात घालून देणार. आणि बाहेर पडताना ढोल वाजणार, कारण खरे ते तसेच बाहेर पडले. ढोलावरून फार ताणलं गेलं. हरणाऱ्याने ढोल वाजवायचे हे पोरांना काही केल्या पटेना, आणि तुझ्या पुस्तकाचं नाव मला आठवेना. ढोल मला मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. पण दोरी गेली.

सरदाराचं काम सोडताना मला काही वाटलं नाही असं नाही. इतकी वर्षं मी जिंकत आलो. घरी बायको म्हणाली, तुम्हाला हरता येईल का? मी म्हणालो, तालमीत बघू.

उद्या पहिली तालीम आहे. स्वप्नीलने विचारलं, काका, शेवटी तुम्ही मागच्या शिडीनेच उतरणार ना, म्हणजे मला भाषणाचा अंदाज येईल. मी त्याला म्हणालो, भाषण दोन तऱ्हांनी पाठ करून ठेव.

तू मला आधी सांगायला हवं होतंस, हे माझं म्हणणं कायम आहे. आणि मी कुठल्या बाजूने उतरणार ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नाही.